ऊब आणि विरजण

मराठी स्वयंपाकघरातली बहुतेक कामे 'करण्या'ची आहेत. भाकरी करतात, आमटी करतात, चहासुद्धा करतात. दही मात्र कोणी करीत नाही, दही 'लावतात'. दिवा लावतात, रोप लावतात, मुलांना वळण लावतात, तसेच दहीही लावतात. या सगळ्या 'लावण्या'त माणसाचा वाटा तसा थोडाच. सुरुवात करून द्यायची, वाऱ्यापावसापासून जरा आडोसा धरायचा आणि बाजूला व्हायचे. पुढचे काम ज्योत, माती आणि मूल आपापल्या परीने उरकते. रात्री विरजण लावून भांडे झाकले की घरातली बाई निजते, आणि ती निजलेली असतानाच तिचे काम होत असते. संसारातल्या इतक्या कामांत झोपेत पार पडणारे असे हे एकच काम असावे!

गेल्या मार्गशीर्षात आमच्या घरी या कामासाठी एक यंत्र आले. यंत्र हा शब्द त्याला मोठाच होतो. पोळ्यांच्या डब्याएवढा प्लॅस्टिकचा एक गोल डबा, त्यात बसणारे स्टीलचे भांडे, वर झाकण, तळाशी मंद तापणारी पट्टी आणि बाहेर एक एवढासा तांबडा दिवा. काटा नाही, घड्याळ नाही, घरघरही नाही. रात्री उशाशी जळणाऱ्या लहानशा बल्बाइतकीच काय ती वीज तो घेतो. आत कोमट दूध ओतायचे, चमचाभर विरजण घालून ढवळायचे, बटण दाबायचे आणि निजायचे. सात-आठ तासांनी दही तयार. थोडक्यात सांगायचे तर हा डबा म्हणजे विजेची ऊब. त्यापलीकडे त्याला काही येत नाही, आणि येते असा त्याचा दावाही नाही.

ऊब विकत घेण्याची पाळी का यावी, असे कोकणातल्या किंवा मुंबईतल्या वाचकाला वाटेल. लासलगाव म्हटले की बाहेरच्या माणसाला कांदा आठवतो आणि ते बरोबरच आहे. पण आमच्या निफाड तालुक्याची आणखी एक ख्याती आहे, ती थंडीची. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पौषातल्या एखाद्या पहाटे पाच अंशांच्याही खाली उतरतो आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात निफाडचे नाव छापून येते. द्राक्षांचे मणी तडकू नयेत म्हणून बागाईतदार रात्रभर बागेत शेकोट्या पेटवतात. द्राक्षांसाठी शेकोटी पेटवता येते. वाटीभर दह्यासाठी काय पेटवायचे? अशा रात्री लावलेले विरजण सकाळी झाकण काढून पाहावे तो दूध तसेच दूध! वर नुसती थंडगार साय. मे महिन्यात मात्र हाच पारा चाळिशीला टेकतो, आणि सकाळी लावलेले दही दुपारच्या पानात येईपर्यंत आंबटढाण होऊन बसते.

चुलीच्या काळात ही अडचण एवढी जाणवत नसे. चुलीशेजारी वैल असे. रात्रीचा स्वयंपाक आटोपला की निखारे राखेखाली झाकले जात आणि वैलाच्या बाजूला दुधाचे गाडगे ठेवले जाई. ती ऊब पहाटेपर्यंत पुरे. मातीच्या गाडग्याला बारीक छिद्रे असतात. दह्यातले जास्तीचे पाणी ते आपल्या अंगात ओढून घेते आणि दही कवडीसारखे घट्ट लागते. मग घरोघर गॅस आला. डोळ्यांतला धूर गेला, बायकांचे खोकले गेले, हे फार चांगले झाले. मात्र गॅसची शेगडी विझली की विझली. तिच्यामागे राख उरत नाही आणि उबही उरत नाही. तेव्हापासून थंडीतले दह्याचे भांडे घरभर निराश्रितासारखे हिंडू लागले. कधी गव्हाच्या कोठीत, कधी गोधडीत गुंडाळून पेटीत, कधी नुकत्याच उतरवलेल्या कुकरच्या पोटाशी. तो प्लॅस्टिकचा डबा म्हणजे एका अर्थी त्या हरवलेल्या वैलाचा नातूच आहे.

आमच्याकडे तो आला त्याचे कारण थंडी एवढेच नव्हते. त्यासाठी सासूबाईंच्या करंगळीची हकीकत सांगितली पाहिजे.

दही लावण्यात सगळे शहाणपण आहे ते दूध केव्हा विरजावे यात. दूध आधी चांगले तापवायचे. त्याने नको ते जंतू मरतात हे सर्वांना ठाऊक असते. पण आणखीही एक गोष्ट घडते. ऐंशी-पंचाऐंशी अंशांच्या वर गेले की दुधातल्या निवळीतली प्रथिने उलगडतात आणि केसीनच्या कणांना जाऊन चिकटतात. म्हणून नीट तापवलेल्या दुधाचे दही पाणी धरून ठेवते आणि कच्च्या दुधाचे दही लवकर मोडते. मग ते दूध निववायचे. फार गरम असताना विरजण घातले तर विरजणातले जीवच मरतात. फार गार झाले तर ते आळसावतात. मधली ती वेळ आमच्या घरात पन्नासएक वर्षे सासूबाईंच्या करंगळीने ठरवली. करंगळी दुधात बुडवून त्या मनाशी दहा आकडे मोजीत. दहापर्यंत बोट सुखाने राहिले की दूध झाले. मी या घरात आले तेव्हा 'आई, किती अंश असतात हो हे?' असे विचारल्यावर त्या म्हणाल्या होत्या, 'अंश तुमच्या शाळेत. इथे दहा आकडे.'

गेली काही वर्षे मधुमेहाने त्यांच्या बोटांची जाण कमी होत गेली होती. त्यांनी ती कोणाला कळू दिली नाही. कार्तिक संपता संपता एका सकाळी माझ्या धाकट्या मुलीने आजीचा हात हातात घेतला तो करंगळीला टपोरा फोड! आदल्या संध्याकाळी त्यांनी उकळी नुकतीच बसलेल्या दुधात बोट घातले होते आणि शांतपणे दहा आकडे मोजले होते. दूध त्यांना थंड वाटले म्हणून त्यांनी पुन्हा दहा मोजले.

त्यानंतर पंधरवड्याच्या आत पुण्याहून मुलाने तो डबा पाठवला. त्याचा हेतू चांगलाच होता. सासूबाईंनी तो उलटसुलट पाहिला, 'बरं झालं, माझं एक काम कमी झालं,' असे म्हणाल्या आणि त्या दिवसापासून संध्याकाळी स्वयंपाकघरात यायच्या बंद झाल्या. पडवीत बसून राहायच्या. कोणी काही बोलले नव्हते, कोणाचे काही चुकले नव्हते. पण अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईचे 'एक काम कमी झाले' याचा अर्थ घरातल्या सगळ्यांनाच कळत होता. भाकरी थापणे सुटले होते, दळण निवडणे दृष्टीमुळे सुटले होते. दही हे त्यांच्या राज्यातले शेवटचे गाव होते.

डब्यातले दही मात्र देखणे होई. घट्ट, गुळगुळीत, वाटी तिरपी केली तरी न हलणारे. रतीबाचे दूध म्हशीचे. म्हशीच्या दुधात शेकडा सहा-सात भाग स्निग्धांश असतो, गाईच्या दुधात साडेतीन-चार. तेव्हा दही दाट होण्यात दुधाचाही हात होताच. घरात सगळे खूश. सासूबाईही मुकाट्याने ताक-भात जेवत. पंधराएक दिवस गेल्यावर एकदा जेवता जेवता त्यांनी बोटाने थोडे दही चाखले, क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, 'दही चांगलं आहे हो. पण आपलं नाही.'

मुले हसली. मलाही वाटले, हा रुसवा बोलतो आहे. विरजण आमचेच होते. जुन्या गाडग्यातलेच पहिल्या दिवशी डब्यात घातले होते आणि रोज कालच्यातून आजचे लागत होते. मग ते 'आपले' नाही कसे? पण त्या ज्या निश्चयाने म्हणाल्या तो निश्चय मनातून जाईना. मी पुस्तके काढून बसले.

जंतू म्हटले की आमच्या गावाला सड आठवते. वर्षातला निम्मा काळ लासलगाव याच विवंचनेत असते. उन्हाळ कांदा चाळीत भरला की त्याला हवा मिळते का, ओल लागते का, खालचा थर घामेजतो का, हे पाहत शेतकऱ्याचा पावसाळा जातो. कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून गामा किरणांचा मारा करणारे भाभा अणुसंशोधन केंद्राचे 'कृषक' हे केंद्रही २००२ साली इथेच उभे राहिले; २००७ साली अमेरिकेला गेलेला आंबाही आधी इथल्या किरणांखालून गेला होता. अशा या नासाडीशी झुंजणाऱ्या गावात प्रत्येक घरी रोज रात्री एक बाई चांगल्या दुधात चमचाभर जंतू आपल्या हाताने सोडते आणि वर झाकण ठेवते, ही मौजच म्हटली पाहिजे. नासणे आणि विरजणे यांत अंतर आहे ते एवढेच, की नासताना कोण आले हे आपल्याला ठाऊक नसते; विरजताना पाहुणे आपण बोलावलेले असतात.

हे पाहुणे कोण, हे कळायला जगाला बराच वेळ लागला. दुधाचे आंबणे हे जिवंत जीवांचे काम आहे हे लुई पाश्चर यांनी १८५७ साली दाखवले. हे जीव दुधातली साखर खातात आणि तिचे लॅक्टिक आम्ल करतात. दुधाचा सामू ४.६ च्या आसपास उतरला की केसीनचे कण एकमेकांना धरतात आणि दूध थिजते. १९०५ साली जिनिव्हात स्तामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन तरुणाने आपल्या देशाकडच्या दह्यातला जंतू सूक्ष्मदर्शकाखाली ओळखला. आज त्याच्या जन्मगावी, स्टुडेन इझ्वोर नावाच्या खेड्यात, दह्याचे एक संग्रहालय आहे! परदेशी शिकायला गेलेल्या मुलाने घरच्या दह्यात डोके घालावे, हे आपल्याकडच्या आयांना ऐकायला फार आवडेल. पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेतले एली मेच्निकॉफ यांनी असे मांडले, की बल्गेरियातले शेतकरी दीर्घायुषी होतात ते या आंबट दुधामुळे. मेच्निकॉफ यांना १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते रोगप्रतिकाराच्या संशोधनासाठी. पण युरोपातल्या लोकांच्या ध्यानात राहिले ते त्यांचे दही. ते स्वतः ते रोज घेत आणि १९१६ साली, एकाहत्तराव्या वर्षी, वारले. बल्गेरियाचा तो जंतू माणसाच्या आतड्यात कायमचे बिऱ्हाड करीत नाही हे नंतर आढळून आले. दही चांगलेच आहे, परंतु त्याने शंभरी गाठून द्यावी अशी अपेक्षा करणे म्हणजे ताकापुरते रामायण ऐकून वैकुंठ मागण्यासारखे आहे.

माझे उत्तर मला या गोष्टीच्या पुढच्या पानावर सापडले. बल्गेरियाच्या दह्यातले जीव आणि आपल्या गाडग्यातल्या दह्यातले जीव ही दोन वेगळी कुळे आहेत. तिकडच्यांना बेचाळीस-त्रेचाळीस अंशांची ऊब मानवते. आपल्या दह्यात ज्यांची वस्ती जास्त, ते लॅक्टोकॉकस जातीचे जीव तीस अंशांच्या आसपास सुखी असतात. म्हणजे घरातल्या एखाद्या सुखद कोपऱ्याइतक्या उबेत. पंचेचाळीस अंशांत त्यांची वाढच थांबते. घरच्या विरजणात थोडीफार दोन्हीकडची मंडळी असतात. वैलाजवळचे गाडगे हळूहळू निवत जाई, त्यामुळे थंड प्रकृतीच्या कुळाला रात्रभर वाव मिळे. डबा मात्र आठही तास चाळिशीपलीकडची ऊब न थकता धरून ठेवी. पहिल्या दिवशी फरक पडला नाही. पण रोज कालच्यातून आजचे लागत गेले, ऊब मानवणारे वाढत गेले, दुसरे मागे पडत गेले. पंधरा दिवसांत भांडे तेच, दूध तेच, विरजणाची परंपराही तीच, आणि आतली प्रजा मात्र बदललेली! आपल्या दह्याला लोण्याची जी मंद चव आणि वास असतो तो या मागे पडलेल्या मंडळींचा. नव्या दह्यात तो नव्हता. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या जिभेने तो नेमका ओळखला होता. जाण गेली होती ती बोटाची.

मी पडवीत जाऊन हे सगळे सासूबाईंना सांगितले. जंतूंची नावे त्यांनी ऐकून घेतली आणि एवढेच विचारले, 'मग आता जुनं विरजण कुठून आणायचं?' जुने गाडगे तर केव्हाच धुऊन माळ्यावर गेले होते. त्यांनीच थोडा विचार केला आणि म्हणाल्या, 'दोन घरं सोडून पलीकडे जा. तिच्या घरात सून आली तेव्हा मी विरजण दिलं होतं. पण दिवेलागणीच्या आधी जा. नंतर कोणी देत नाही.'

मी वाटी घेऊन गेले. ताकाला जाऊन भांडे लपवण्यात अर्थ नसतो, म्हणून काकूंना सरळच सांगितले, की घरातले विरजण बिघडले आहे, थोडे द्या. काकूंनी वाटी भरता भरता म्हटले, 'अगं, मागतेस काय? तुमचंच आहे की हे. तुझ्या सासूनं दिलंय. सात-आठ वर्षं झाली, एक दिवस खंड नाही.' विरजणाची परतफेड नसते असे बायका म्हणतात, कारण ते दिल्याने कमी होत नाही. त्या दिवशी मला त्या रिवाजाची दुसरी बाजू दिसली. आपण जे स्वतःच्या कपाटात कुलपात ठेवले असते ते आपल्याच घरात बदलून गेले असते. दुसऱ्याला दिले होते तेवढेच जसेच्या तसे उरले होते.

आता आमच्याकडे दोन्ही गोष्टींचा समेट झाला आहे. डबा माळ्यावर गेला नाही. थंडीच्या दिवसांत तो लागतोच, आणि कडाक्याच्या थंडीत तो घरातल्या कोणाहीपेक्षा इमानी आहे. मात्र तो आठ तास चालत नाही. दूध विरजून आत ठेवले की तासभर बटण दाबायचे, मग बंद करून डब्यावर जुनी गोधडी घालायची आणि रात्रभर हलवायचे नाही. आतले दूध वैलाजवळच्या गाडग्यासारखेच हळूहळू निवत जाते. दह्याला यायला दोन-तीन तास जास्त लागतात, पण येते ते आपले दही. विरजण उन्हाळ्यात लिटरभर दुधाला लहान चमचाभर पुरे, थंडीत दोन. ज्यांच्या घरी असा डबा असेल त्यांनी हे करून पाहायला हरकत नाही. ज्यांना घट्ट, चक्क्यासाठी टांगण्याजोगे दही हवे असेल त्यांनी तो खुशाल आठ तास चालवावा. तेही दही वाईट नसते. श्रीखंडाच्या दिवशी आम्हीही तसेच करतो, फक्त त्यातले विरजण पुढे चालवीत नाही.

बटण केव्हा बंद करायचे हे सासूबाई ठरवतात. संध्याकाळी सातच्या सुमारास त्या पडवीतून उठून आत येतात आणि पाटावर बसतात. करंगळीचे काम आता माझ्या धाकट्या मुलीकडे गेले आहे. ती दुधात बोट घालते आणि आजी मोठ्याने आकडे मोजतात. सहाव्या आकड्याला मुलीने बोट काढले की आजी म्हणतात, 'थांब अजून. घाई नको.' दहापर्यंत बोट टिकले की त्या मान हलवतात. सकाळी पहिला घास त्यांचा. त्यांनी चाखून 'हं' म्हटल्याशिवाय दह्याला कोणी हात लावीत नाही. मुलीला हा सारा खेळ वाटतो. तो तसा वाटतो आहे तोवरच तिच्या बोटाला तो येऊन जाईल असे मी मनाशी म्हणते.

म्हाताऱ्या माणसांची कामे यंत्रे घेऊ लागली आहेत, आणि ज्यांची बोटे भाजतात त्यांच्यासाठी ती घ्यावीतही. माझा त्याला विरोध नाही. मात्र एखादे काम हातातून काढून घेताना त्यात किती कामे गुंडाळलेली होती ते एकदा उलगडून पाहावे. 'दही लावणे' या एका कामात दूध तापवणे होते, ऊब ओळखणे होते, विरजण सांभाळणे होते, शेजारी देणे होते आणि सकाळी चव पारखणे होते. डब्याने त्यातले एकच मागितले होते, रात्रीची ऊब. बाकीची चार आम्ही त्याच्याबरोबर परस्पर देऊन टाकली होती.

आता दिवाळी आली. दिवाळीचा पहिला दिवस वसुबारस. त्या दिवशी आमच्याकडे गाय-वासराची पूजा होते आणि घरात दूधदुभते खात नाहीत. त्या दिवसाचे दूध वासराचे. एरवी रोज चालणारे आमचे विरजणही त्या रात्री थांबते. डबा पुसून कोरडा करून ठेवायचा, आणि आदल्या दिवशीचे चमचाभर दही वाटीत झाकून फ्रीजमध्ये राखायचे. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी ते पुन्हा दुधात पडले पाहिजे, कारण नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नानानंतर दहीपोहे लागतात. मुलगा पुण्याहून येणार आहे. त्याच्या खोलीवरही त्याला असाच एक डबा घ्यायचा आहे म्हणे, आणि परत जाताना विरजण हवे आहे. सासूबाईंनी त्याच्यासाठी झाकणाची एक लहान बरणी आतापासूनच घासून उन्हात ठेवली आहे, आणि निरोप धाडायला सांगितले आहे, की गाडी संध्याकाळची असली तरी विरजण सकाळीच बांधून मिळेल. दिवे लागल्यावर मागायचे नाही.